स्थायूतून वीज वाहत नाही?

मिठाच्या खड्यातून वीज वाहत नाही. मीठ वितळवले की वाहू लागते. शालेय रसायनात हे विधान सर्व आयनिक संयुगांचा नियम म्हणून येते. ‘स्थायूत आयन जागच्या जागी जखडलेले असतात’ हे कारण मुले पाठ करतात आणि त्याचे गुणही हमखास मिळतात. मिठापुरते ते ठीक आहे. सगळ्या आयनिक स्थायूंना ते सरसकट लावणे मात्र आम्हांला मान्य नाही.

आयोडार्गिराइट हे खनिज घ्या. हे निसर्गात सापडणारे सिल्व्हर आयोडाइड, म्हणजे कृत्रिम पावसासाठी ढगांत फवारतात तेच. नेहमीच्या तापमानाला त्याची स्फटिकरचना षट्कोनी असते. चांदीचा प्रत्येक आयन चार आयोडाइड आयनांमध्ये अडकलेला असतो आणि वाहकता फारच कमी असते. तापवत नेल्यास १४७° सें.ला ही रचना एकदम पालटते. आयोडाइडचे मोठे आयन घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध असे नव्याने मांडले जातात. अशा एका घनाच्या वाट्याला चांदीचे दोनच आयन येतात, पण त्यांना बसण्याजोग्या जागा असतात बारा! संगीतखुर्चीचा खेळच उलटा झाला म्हणायचा. चांदीचे आयन एका जागेवरून दुसरीवर सहज सरकू लागतात आणि वाहकता हजारो पटींनी वाढते. पदार्थ अजून स्थायूच असतो; तो वितळतो ५५८° सें.च्या आसपास. वितळल्यावर वाहकता वाढत तर नाहीच, उलट थोडी घटते! ट्यूबांट आणि लॉरेंझ यांनी हे १९१४ सालीच दाखवून दिले होते.

त्याही आधी, १८३३ मध्ये, मायकेल फॅरडे यांना सिल्व्हर सल्फाइड तापवल्यावर अधिक वीज वाहू देते असे आढळले होते. तेथे इलेक्ट्रॉनही वाटेकरी असल्याने गुंता जास्त आहे. पण सुमारे १७५° सें.ला याही खनिजाची रचना बदलते. संग्रहालयांत ‘अर्जेंटाइट’ या नावाने ठेवलेले घनाकृती स्फटिक आतून केव्हाच अकँथाइट झालेले असतात. गरम असतानाचा बाह्य आकार तेवढा टिकलेला असतो.

शाळेत अपवाद कशाला, असे कोणी म्हणेल. पण सोडियम-गंधक बॅटरीत सोडियमचे आयन बीटा-ॲल्युमिना या स्थायूतूनच वाहतात. पुढे ती बॅटरी शिकताना आपला विद्यार्थी अडेल, कारण वाहकतेसाठी वितळणेच आवश्यक असते असे आपण त्याला सांगितलेले आहे. खरे म्हणजे आवश्यक असते ती आयनांना हलायला मोकळी जागा, आणि ती आहे की नाही हे स्फटिकरचना ठरवते. पाठ्यपुस्तकात ‘आयनिक स्थायू’ऐवजी ‘मिठासारखे आयनिक स्थायू’ आणि ‘जखडलेले असतात’ऐवजी ‘सरकायला जागा नसते’ एवढे छापले तरी पुरे; पाठाची लांबी एका ओळीनेही वाढणार नाही.