नासरेथमधला अर्धविराम

लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, शब्बाथाच्या दिवशी, येशू आपल्या गावच्या सभास्थानात वाचायला उभा राहतो. सेवक यशयाचा ग्रंथपट त्याच्या हाती देतो आणि तो पट उलगडून हवी ती जागा काढतो. या जागा काढण्यापाशी आपण थोडे रेंगाळू या. कुमरानच्या गुहेत १९४७ साली सापडलेला यशयाचा पट सात मीटरांहून लांब आहे आणि आपल्या सवयीचे अध्याय-वचनांचे आकडे त्यावर नाहीत. अशा पटात शेवटाजवळचा, आज आपण एकसष्टावा म्हणतो तो, अध्याय गाठायचा तर ग्रंथ हाताच्या आणि स्मरणाच्या ओळखीचा असावा लागतो. शास्त्राचा अधिकार इथे प्रथम भेटतो तो या जिव्हाळ्याच्या रूपात.

मग वाचन. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. आणि त्यातच लूक अठ्ठावन्नाव्या अध्यायातली पीडितांच्या मुक्ततेची ओळ अलगद गुंफतो, जिथे यशया खरा उपवास कोणता ते सांगत असतो. एका वचनावर दुसऱ्या वचनाचा उजेड पडतो. पुढे प्रभूच्या कृपेच्या वर्षाचा उच्चार होतो आणि वाचन थांबते, वाक्य मात्र संपलेले नसते! यशयाच्या त्याच ओळीत लगेच देवाच्या सूडाचा दिवस येतो. तो न उच्चारता येशू पट गुंडाळतो आणि सेवकाला परत देतो. सूडाचे शब्द कोणी खरवडून काढलेले नाहीत. ग्रंथ अखंड परत गेला आहे, आणि याच शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात सूडाच्या दिवसांचा उल्लेख येशूच्याच मुखी आहे. पण आज काय पूर्ण झाले, हे सांगताना तो कृपेपाशी थांबतो. ख्रिस्ती वाचकाने पवित्र शास्त्र कसे वाचावे, याचा इतका नितळ धडा मला इतरत्र क्वचितच आढळला आहे: सगळा ग्रंथ शिरोधार्य मानायचा, आणि त्याचा रोख ख्रिस्ताकडून समजून घ्यायचा.

लोक आधी प्रसन्न असतात. संताप उसळतो तो नंतर, येशू एलीया आणि अलीशा यांच्या कथा काढतो तेव्हा: दुष्काळात संदेष्टा धाडला गेला सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे, कोडातून शुद्ध झाला तो अरामी नामान. दोन्ही कथा त्यांच्याच शास्त्रातल्या, लहानपणापासून कानांवर पडलेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या त्यांना उद्देशून वाचल्या गेल्या.