'आधी जेवून घे'

'अन्न माणसांना जोडतं' हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की अंधेरीतल्या कुठल्याही कॅफेच्या भिंतीवर सापडेल. 'द बेअर' (२०२२) ही मालिका बघावी ती या वाक्याची परीक्षा घेते म्हणून.

शिकागोतलं सँडविचचं एक हॉटेल. ते चालवणारा मायकी व्यसनात बुडाला आणि त्याने आत्महत्या केली. बड्या रेस्टॉरंटांत नाव कमावलेला धाकटा भाऊ कार्मी ते सांभाळायला परततो. व्यसन कार्मीला नव्हतं, तरी बरं व्हायचंय त्यालाही. बहिणीच्या आग्रहामुळे तो 'अल-अनॉन'च्या, म्हणजे व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या सभेला जाऊ लागतो. (पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, तसंच काहीसं.) पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात तो तिथे सलग काही मिनिटं बोलतो. स्वयंपाक हाच भावाभावांमधला धागा होता. भावाने हॉटेलात घ्यायचं नाकारलं, तसा हा इरेला पेटून मोठा शेफ झाला. हे सगळं बोललं जातं तिथे खायला काही नाही. नुसत्या खुर्च्या आणि ऐकणारी माणसं.

दुसऱ्या सीझनमधला 'फिशेस' हा भाग आणखी कठोर आहे. नाताळची मेजवानी. आई एकटीच रांधतेय, पितेय, मदतीला येणाऱ्यावर खेकसतेय. टेबल भरलेलं आणि त्यावर कडाक्याचं भांडण. सचिन कुंडलकरच्या 'गुलाबजाम'मधली (२०१८) राधा स्वयंपाक शिकवता शिकवता मोकळी होते. ही आई स्वयंपाकामागे लपते. आपल्याकडेही पिऊन आलेल्याला 'आधी जेवून घे' म्हणतात. त्यात माया असतेच, पण विषय टाळायची सोयही असते.

एका ठिकाणी मात्र मालिका कच खाते. मायकीने टोमॅटोच्या डब्यांत लपवलेले पैसे सापडतात आणि अडचण सुटते. व्यसनापायी घरातून पैसे जाताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा शेवट गोड वाटेल, खरा वाटणार नाही.

पटतं ते त्याहून साधं आहे. कार्मी किचनमध्ये सगळ्यांनाच 'शेफ' म्हणतो. आपल्या कित्येक हॉटेलांत भांडी घासणाऱ्या मुलाचं नावही कुणी विचारत नाही. तो 'छोटू'च असतो. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी या हॉटेलातली माणसं एका टेबलाशी बसून जेवतात. कोण नीट जेवत नाहीये, हे तिथे बाकीच्यांना दिसतं. मग कुणीतरी विचारू शकतं.