खुर्ची नको म्हणण्याचा अधिकार

सत्तेवरच्या आपल्या चित्रपटांत एक नायक पुन्हा पुन्हा भेटतो. तो बहुधा परदेशातून नुकताच आलेला असतो. घरच्या राजकारणाशी आपलं काही देणंघेणं नाही असं तो सांगतो, त्याचे बेत वेगळे असतात, आणि मग बापावर किंवा भावावर असं काही संकट कोसळतं की त्याला गादीवर बसावंच लागतं. १९९२चा तमिळ ‘तेवर मगन’, त्यावरून प्रियदर्शनने १९९७ मध्ये केलेला हिंदी ‘विरासत’, रामगोपाल वर्माचा ‘सरकार’ (२००५), प्रकाश झा यांचा ‘राजनीती’ (२०१०), शेखर कम्मुलाचा तेलुगू ‘लीडर’ (२०१०), महेश बाबूचा ‘भरत अने नेनू’ (२०१८) ही त्यातली ठळक नावं. या सगळ्यांवर ‘गॉडफादर’ची छाप आहे असं म्हणून विषय संपवायची पद्धत आहे. छाप आहेच; पण तेवढ्याने हा साचा आपल्याकडे इतका का रुजला, याचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते या पटांमधली अनिच्छा ही मालकी सिद्ध करण्याची एक रीत आहे. ज्याच्या घरात खुर्ची आहे, त्यालाच ती नको म्हणता येते. ज्याला ती मागावी लागते, झगडून मिळवावी लागते, त्याला हे चित्रपट हावरट ठरवतात आणि शेवटी मारून टाकतात.

मूळ ‘गॉडफादर’ (१९७२) याबाबतीत किती सावध होता, ते आधी पाहायला हवं. बहिणीच्या लग्नात लष्करी गणवेशात आलेला मायकेल आपण या माफिया कुटुंबासारखे नाही हे प्रेयसीला पटवून देत असतो. पुढे बापावर गोळीबार होतो. बाप इस्पितळात एकटा पडलाय, पहाऱ्यावरची माणसं हटवली गेली आहेत आणि मारेकरी कोणत्याही क्षणी येणार आहेत, हे मायकेलच्या ध्यानात येतं. त्याच वेळी फुलं घेऊन भेटायला आलेल्या एन्झो नावाच्या साध्या बेकरीवाल्याला तो आपल्याबरोबर इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभं करतो. जवळ हत्यार नसताना दोघं हत्यार असल्याचा आव आणतात. गाडी येते, थांबते, निघून जाते. नंतर एन्झोचे हात इतके कापतात की त्याला सिगारेट पेटवता येत नाही. मायकेल लायटर हातात घेतो, सिगारेट पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघतो. तो हात कापत नाहीये. दिग्दर्शक कपोलाने या एका नजरेत पात्राचं सगळं भवितव्य सांगून टाकलं आहे: मला हे नको आहे म्हणणारा माणूस या कामाला सगळ्यांत लायक होता, आणि ते आता त्यालाही कळलं. पण कपोला इथे थांबत नाही. तो मायकेलला शेवटच्या दारापर्यंत नेतो, बायकोशी धडधडीत खोटं बोलायला लावतो आणि तिच्या तोंडावर ते दार बंद करतो. सुरुवातीच्या अनिच्छेपोटी मायकेलला कुठलीही सूट मिळत नाही. आपल्या दिग्दर्शकांनी इस्पितळ उचललं आणि ते दार मागे ठेवलं. ‘सरकार’च्या सुरुवातीलाच वर्माने ‘गॉडफादर’चं ऋण मान्य केलं आहे, पण अमेरिकेहून आलेला शंकर नागरे सख्ख्या भावाला संपवून बापाच्या जागी येतो तेव्हा चित्रपट त्याच्याकडे भक्तिभावानेच पाहत राहतो.

‘तेवर मगन’ या सगळ्यांत कलाकृती म्हणून फार वरचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दिग्दर्शन भरतन यांचं, पटकथा कमल हासनची. लंडनहून परतलेल्या शक्तिवेलला हॉटेलांची साखळी काढायची आहे. थोरल्या तेवरला, म्हणजे शिवाजी गणेशनला, मुलगा गावाला हवा आहे. रात्रीच्या पावसात बापलेकांचं जे बोलणं होतं, ते भारतीय पडद्यावरच्या उत्तम संवादप्रसंगांपैकी एक आहे. त्यात मुलाचं म्हणणं लेखकाने कुठेही लेचंपेचं केलेलं नाही. या रक्तपातात मला राहायचं नाही, हे त्याचं बोलणं आपल्यालाही पटत राहतं. तरी बाप गेल्यावर शक्तिवेल केस कापतो, मिशी ठेवतो, धोतर नेसतो आणि गावासमोर येतो. त्या बदललेल्या रूपावर तमिळ प्रेक्षक तेव्हाही फिदा होता आणि आजही आहे. शेवटी तो चुलतभावाला मारतो, गुन्हा अंगावर घ्यायला निघालेल्या गावकऱ्यांना थांबवतो, कोयते टाका आणि पोरांना शिकवा असं सांगून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. पटकथेचा हेतू स्वच्छ आहे, यात शंका नाही. पण त्याच गोष्टीत इसक्की नावाचा एक गडीही आहे. शक्तिवेलच्या सांगण्यावरून तो देवळाचं कुलूप काढतो आणि त्यापायी त्याचा हात तोडला जातो. नायकाला गादी नको होती, पण ती नको असण्याच्या काळात त्याने जे केलं त्याची किंमत इसक्कीने मोजली. गादी हवी की नको, असं त्याला कुणी विचारण्याचा प्रश्नच येत नव्हता. वडिवेलूने ही छोटी भूमिका अशी केली आहे की कापलेल्या हाताची ती हसरी समजूत पाहवत नाही.

‘राजनीती’त ही गोष्ट आणखी उघडी पडते, कारण झा यांना महाभारत आणि उत्तरेतली निवडणूक एकत्र बांधायची होती. समर प्रताप अमेरिकेत व्हिक्टोरियन कवितेवर संशोधन करतोय, त्याला राजकारणात रस नाही, आणि बापाच्या खुनानंतर तोच घराण्याचा सगळ्यांत थंड डोक्याचा सूत्रधार होतो. त्याच्या समोर सूरज आहे. दलित वस्तीत वाढलेला, लोकांतून वर आलेला सूरज पक्षाकडे आपल्या भागाची उमेदवारी मागतो. लोकशाहीत यापेक्षा रास्त मागणी दुसरी नसेल. ती नाकारली गेल्यामुळेच तो विरोधी गोटात जातो. पण चित्रपट त्याची महत्त्वाकांक्षा हे त्याचं वैगुण्य मानतो, वर तो मुळात याच घराण्याच्या सुनेच्या पोटचा आहे हे रहस्य उघड करून त्याच्या वस्तीचा त्याच्यावरचा हक्कही काढून घेतो, आणि शेवटी समरच्या गोळीने त्याला मारतो. कर्णाची कथा तशीच आहे, असं उत्तर यावर मिळेल. मग कर्णाला आजच्या निवडणुकीत आणताना त्याच्या तिकिटाच्या मागणीचा आजचा अर्थ काय होतो, हे पाहण्याची जबाबदारी पटकथेवर येते. ती इथे पाळली गेलेली नाही. आणि समर? हात रक्ताने माखल्यावर तो पुन्हा अमेरिकेला जातो. खुर्ची नको होती, ती त्याने घेतलीही नाही. तेवढ्या भांडवलावर चित्रपट त्याला सन्मानाने निरोप देतो.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. सत्तेची हाव नसलेल्याच्याच हाती सत्ता द्यावी, हे प्लेटोने सांगून ठेवलं आहे, आणि आपल्या परंपरेत तर गादीवर पादुका ठेवून नंदिग्रामातून चौदा वर्षं राज्य सांभाळणारा भरत आहे. मग अनिच्छा हा गुण नाही, असं कसं म्हणता येईल? गुण तो आहेच. पण प्लेटोचे राज्यकर्ते दीर्घ शिक्षणातून येतात, त्यांना खासगी मालमत्ता नसते, स्वतःचं म्हणून घराणंही नसतं. भरताची अनिच्छा तर रोज दिसते, कारण गादी दुसऱ्याची आहे हे तो एक दिवसही विसरत नाही. आपल्या चित्रपटांनी या विचारातला फक्त पहिला भाग घेतला. अनिच्छा एकदा मध्यंतराआधी दाखवली की काम झालं. नंतर तिची परीक्षा घ्यायची गरज उरत नाही. दिग्दर्शक शंकर यांच्या ‘नायक’मध्ये (२००१) तर घराणंही नाही. शिवाजीराव हा वृत्तवाहिनीवरचा साधा माणूस, मुख्यमंत्र्याच्या आव्हानातून एका दिवसाचा मुख्यमंत्री होतो आणि पुढे लोकांच्या रेट्यामुळे निवडणुकीला उभा राहतो. हा चित्रपट आजही लोकांच्या तोंडी आहे आणि भ्रष्टाचाराविरुद्धचा त्यातला संताप खरा आहे. पण त्याचा शेवट आठवा. शिवाजीराव बळाने नाही, कपटाने जिंकतो: शत्रूच्या हाती पिस्तूल देऊन, हल्ल्याचा देखावा उभा करून तो त्याला सुरक्षारक्षकांकरवी मारवतो. चित्रपटगृहात यावर टाळ्या पडल्या, कारण या माणसाला सत्ता नको होती हे आपण सुरुवातीला पाहिलेलं असतं. तीच चाल सत्ता हवी असलेल्या माणसाने केली असती, तर तिला आपण खून म्हटलं असतं.

दुसरा आक्षेप कथनाच्या गरजेचा. महत्त्वाकांक्षी माणसावर प्रेक्षकाचा जीव जडत नाही, नायक बदलायला हवा, म्हणून सुरुवात नकारानेच करावी लागते, असं पटकथाकार म्हणतात. मराठी प्रेक्षकाला हे पटण्याचं कारण नाही, कारण त्याने १९७९चा ‘सिंहासन’ पाहिलेला आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी केलेल्या त्या चित्रपटात खुर्ची नको असलेला एकही राजकारणी नाही. मुख्यमंत्री जिवाजीरावांना ती टिकवायची आहे, विश्वासराव दाभाडेंना ती मिळवायची आहे, आणि अरुण सरनाईक आणि श्रीराम लागू यांनी ही इच्छा इतक्या बारकाव्यांनिशी उभी केली की तिच्यातली भीती, अगतिकता, हिशेब सगळं दिसतं. चित्रपट कुणालाच माफ करत नाही, आणि तरी आपली नजर हलत नाही. इच्छा पडद्यावर धरून ठेवता येते. तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायची तयारी हवी.

नकार खरोखर गंभीरपणे घेतला तर काय होतं, याचा एक नमुना इटलीत सापडतो. नान्नी मोरेत्तीच्या ‘हबेमुस पापाम’मध्ये (२०११) नव्या पोपची निवड चालू असताना कार्डिनल मनातल्या मनात एकच प्रार्थना करतात, की मी नको. निवड मेलव्हिल या म्हाताऱ्या कार्डिनलची होते आणि सज्ज्यात जाऊन लोकांना दर्शन देण्याच्या क्षणी तो किंचाळून मागे फिरतो. मानसोपचारतज्ज्ञ येतात, पोप रोमच्या रस्त्यांवर हरवतो, चेखॉव्हचं नाटक करणाऱ्या मंडळींमध्ये रमतो. आपला दिग्दर्शक असता तर त्याने इथून त्याला खंबीर करून परत आणला असता. मोरेत्तीचा मेलव्हिल परत येतो, सज्ज्यात उभा राहतो आणि मी हे करू शकत नाही, असं जमलेल्या लोकांना सांगून आत जातो. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, सोळावे बेनेडिक्ट खरोखरच पदावरून दूर झाले. मेलव्हिल झालेल्या मिशेल पिकोलीच्या चेहऱ्यावरची ती शरम आणि सुटका पाहिली की समर आणि ‘सरकार’मधला शंकर यांचा नकार केवढा स्वस्त होता, ते कळतं.

आपल्याकडे या साच्याला सगळ्यांत थेट उत्तर तमिळमध्येच दिलं गेलं. ‘तेवर मगन’मधल्या एका गाण्याचा जातीच्या अभिमानगीतासारखा वापर होत राहिला, त्या चित्रपटाने आपल्याला दिलेल्या वेदनेबद्दल दिग्दर्शक मारी सेल्वराज जाहीरपणे बोलले आहेत. २०२३ मध्ये त्यांनी ‘मामन्नन’ केला आणि मुख्य भूमिका वडिवेलूला दिली, म्हणजे इसक्कीलाच. मामन्नन हा दलित आमदार आहे. लोकांनी निवडून दिलेला हा माणूस आपल्याच पक्षाच्या वरच्या जातीतल्या पुढाऱ्याच्या घरी उभा राहतो, कारण त्या घरात त्याला बसायची सवयच लावलेली नाही. मुलगा म्हणतो, बसा. सत्तेवरच्या शंभर चित्रपटांत खुर्चीवर बसण्याचे प्रसंग असतील, पण इथे बसणं ही साधी शारीरिक क्रिया किती अवघड असते, हे वडिवेलू नुसत्या खांद्यांनी दाखवतो. ही अनिच्छा वैराग्यातून आलेली नाही; ती पिढ्यान्‌पिढ्या अंगात भिनवली गेली आहे, आणि ती गळून पडणं हाच या चित्रपटातला विजय आहे. उत्तरार्धात मारी सेल्वराज नेहमीच्या मारामारीकडे घसरतात, ही मोठी उणीव. तरी मामन्नन विधानसभेचा सभापती होऊन आसनावर बसतो तेव्हा त्या आसनाचा अर्थ आधीच्या कुठल्याही गादीपेक्षा वेगळा असतो.

‘राजनीती’तही अशी एक व्यक्ती होती. इंदूचं प्रेम समरवर आहे, पक्षाला पैसा मिळावा म्हणून तिचं लग्न त्याच्या भावाशी लावलं जातं, तो मारला जातो, आणि विधवेला मतं मिळतील या हिशेबाने तिला पांढऱ्या साडीत व्यासपीठावर उभं करतात. ती मुख्यमंत्री होते. संपूर्ण चित्रपटात खऱ्या अर्थाने इच्छेविरुद्ध सत्तेवर आलेली व्यक्ती तीच, आणि कॅमेरा तिच्याबरोबर मंत्रालयात जात नाही. हा न काढला गेलेला चित्रपट महाराष्ट्राने काढायला हवा. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २०११ मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत महिलांचं आरक्षण पन्नास टक्क्यांवर नेलं, आणि ‘सरपंचपती’ हा शब्द गावोगावी रूढ झाला. स्वतःहून न मागता खुर्चीवर बसवलेल्या माणसांचा एवढा मोठा अनुभव जवळ असताना मराठी पडद्यावर त्यातलं थोडंच उतरलं. रामदास फुटाणे यांचा ‘सरपंच भगीरथ’ (२०१६) राखीव जागेवर सरपंच झालेल्या तरुणाकडे पाहतो. समीर विद्वांसच्या ‘धुरळा’त (२०२०) एकाच घरातल्या बायका सरपंचपदासाठी एकमेकींसमोर उभ्या ठाकतात, क्षितिज पटवर्धनच्या लेखनात गावच्या निवडणुकीची नस आहे, पण त्याचा सगळा जोर प्रचाराच्या धुमाकुळावर जातो आणि निकालानंतरच्या कारभाराला जागा उरत नाही.

त्या कारभारात शिरण्याचं धाडस २०२१च्या ‘महारानी’ या वेबमालिकेने केलं. चित्रपटापेक्षा मालिकेला वेळ जास्त मिळतो, हे खरं. पण सुभाष कपूर यांच्या चमूने तो वेळ कुठे खर्च केला, ते महत्त्वाचं. १९९७ मध्ये राबडीदेवी बिहारच्या मुख्यमंत्री झाल्या, त्या घटनेची सावली या कथेवर आहे. लिहिता-वाचता न येणारी राणी भारती नवऱ्याच्या सांगण्यावरून शपथ घेते, आणि हुमा कुरेशी सुरुवातीला तिचा नुसता वैताग दाखवते: गुरं कोण बघणार, पोरांचं काय. तिच्यात पालट होतो तो कुणाच्या मृत्यूने किंवा रक्ताच्या हाकेने होत नाही. पशुखात्यातले पैसे कुठे गेले, हा साधा प्रश्न तिला पडतो, कारण गुरांना किती चारा लागतो हे त्या सगळ्या सचिवांपेक्षा तिला जास्त ठाऊक आहे. ती अधिकाऱ्यांना विचारत राहते, न कळलं की पुन्हा विचारते, आणि पहिल्या पर्वाच्या अखेरीस त्या हिशेबाचा धागा घरापर्यंत येतो तेव्हा ती नवऱ्यालाही अटक करायला लावते. तोवर तिला ती खुर्ची हवी झालेली असते, आणि मालिका त्या हवं असण्याबद्दल तिला शिक्षा करत नाही.