पत्र्यावरचं लाकूड : जुन्या गाडीचा डॅशबोर्ड आणि व्हिनियर

मंडळी, जुन्या गाड्या नव्याने उभ्या करताना एक गोष्ट हल्ली सर्रास दिसते. गाडी कुठलीही असो, डॅशबोर्डवर अक्रोडाचं व्हिनियर चिकटवायचं आणि ‘आता गाडी क्लासिक झाली’ म्हणायचं. आज आपण या सवयीचीच समीक्षा करणार आहोत.

आधी लाकूड जिथे मुळातच होतं, ती गाडी घेऊ. जॅग्वार मार्क टू, 1959 ते 1967. व्हिनियर म्हणजे लाकडाचा पापुद्रा, जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले पापुद्रे वहीच्या पानांसारखे उघडून शेजारी लावले, की दोन्हीकडच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. म्हणून फक्त ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला नवा पापुद्रा लावला, तर काम कितीही सुबक असो, ते डोळ्यांना खटकतं. पॉलिश तडकलंय? पॉलिश काढा. कड सुटलीय? ती पुन्हा चिकटवा. मूळ लाकूड काढून टाकणं हा शेवटचा उपाय.

आता आपल्याकडची फियाट 1100 डिलाइट बघा. 1964 पासून ती कुर्ल्यात बनू लागली, पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. डिलाइटचा डॅशबोर्ड रंगवलेल्या पत्र्याचा. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं, त्या काळाचा साधेपणा त्या पत्र्यात आहे. त्यावर अक्रोड चढवला की गाडी श्रीमंत दिसते, पण तो काळ पुसला जातो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पेण-रोह्याच्या पावसाळ्यात लाकडी दारं फुगून चौकटीत अडकतात, हे तुम्हाला सांगायला नको. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं; पत्रा तसा हलत नाही. ही ओढाताण सगळी गोंदावर येते. त्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड चांगलाच तापतो आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. मग कडा उचलतात, खाली दमटपणा साचतो आणि गंज आतल्या आत वाढतो. वरून मात्र सगळं चकाचक!

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूची मूर्ती पुरती वाळल्याशिवाय कुणी रंगाला घेत नाही. घाई केली तर रंग पोपडे धरतो, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. वरचा थर आतल्या अंगावर टिकतो, एवढी साधी समज गाडीच्या कामात का नसावी?

कुणी म्हणेल, गाडी मालकाची, हौसही त्याचीच. मान्य. पण मग तिला ‘मूळ रूपात आणलेली’ म्हणू नका, ‘सजवलेली’ म्हणा. आणि लाकूड हवंच असेल, तर ते वेगळ्या पातळ फळीवर चढवा, फळीच्या मागच्या बाजूलाही पापुद्रा लावा म्हणजे ती वाकणार नाही, आणि ती फळी स्क्रूने अशी बसवा की उद्या कुणालाही काढता येईल. खालचा पत्रा शाबूत राहू द्या. पुढच्या माणसाला तो बघावासा वाटू शकतो.