पोलिंगचे मरण आणि त्याचे उरणे

जेंकिन्स या बिल्ड-सर्व्हरचे जनक कोहसुके कावागुची यांनी डिसेंबर २०११ मध्ये ‘पोलिंग मेलेच पाहिजे’ अशा आशयाचा एक छोटा निबंध लिहिला. रिपॉझिटरीत नवा बदल आला काय, हे सर्व्हरने ठरावीक वेळाने विचारत राहणे म्हणजे पोलिंग. त्याने रिपॉझिटरीवर ताण पडतो आणि बदल कळण्यास विलंबही लागतो, हा त्यांचा आक्षेप निर्विवाद होय. दोनशे जॉबांपुढे पाच तारकांचे, म्हणजे दर मिनिटाचे, वेळापत्रक असेल तर दिवसाकाठी २,८८,००० चौकशा होतात. त्यांतील बहुतेकांचे उत्तर नकारार्थीच असते.

परंतु निबंधातील उपाय त्याच्या शीर्षकाइतका कठोर नाही. बदल येताच रिपॉझिटरीतील हुकाने जेंकिन्सला वर्दी द्यावी, असा तो उपाय आहे. वर्दी मिळाल्यावर जेंकिन्स त्या पत्त्याचे आणि पोलिंगची मुभा असलेले जॉब शोधतो व तेथे पोलिंगच करतो! म्हणजे गेले ते केवळ वेळापत्रक. शीर्षक शब्दशः घेऊन पोलिंगची खूण काढणाऱ्या व्यवस्थापकास वर्दी येऊनही बिल्ड का होत नाही, हे कोडे पडते. खूण ठेवून वेळापत्रक रिकामे करणे, हा निबंधाचा खरा अर्थ आहे.

गर्दीचा दोष याहून निराळा. भंडारदरा धरणाच्या प्रवरा कालव्यांचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा शेजपाळीशी परिचित आहे : चारीवरील सर्वांनी एकदम पाणी घ्यावयाचे नसते, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. ‘तारका/५’ असे लिहिले की सर्व जॉब नेमके एकाच मिनिटास धावतात. ‘एच/५’ लिहिल्यास जॉबच्या नावावरून प्रत्येकाची निराळी परंतु स्थिर पाळी ठरते. पोलिंगचे धागे मागणीस पुरे पडत नाहीत, अशी सूचना दिसताच धाग्यांची मर्यादा वाढविण्याचा मोह होतो. तो सर्व दारे एकदम उघडण्याचाच प्रकार असून त्याने ताण रिपॉझिटरीकडे सरकतो.

एक उणीव मात्र वर्दीच्या पद्धतीतच आहे. जेंकिन्स बंद असताना आलेली वर्दी वाया जाते आणि वेळापत्रक रिकामे असल्यास तो बदल पुढील वर्दीपर्यंत अज्ञातच राहतो. अशा जॉबांना काही तासांतून एकदा, ‘एच’च्या पाळीने, पोलिंग ठेवणे इष्ट.