वाघ, बकऱ्या आणि नियम करणारा: पाठलागाच्या पटखेळाची एक समीक्षा

(रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय आहे दोघांनी खेळायचा, पाठलागाचा आणि पकडण्याचा पटखेळ नव्यानं रचायचा झाला तर तो कसा रचावा. विषय पोरासोरांचा वाटेल. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. न्याय म्हणजे काय, समता म्हणजे काय, नियम आपण का पाळतो, हे प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून जितके समजावता येतात, त्यापेक्षा पारावर कोळशानं आखलेल्या पटावर लवकर समजतात. म्हणून हा विषय मी आनंदानं घेतला.

नवा खेळ रचण्याआधी जुना नीट वाचायला हवा. आपण नाटकाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो. वाघ-बकरीची कुणी करत नाही. का? तर तिला लेखक नाही, प्रकाशक नाही, पुरस्कार नाही. पण कुणीतरी कधीतरी ठरवलंच असेल ना, की वाघानं उडी मारून बकरी खायची आणि बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं? ते ठरवणं ही रचना आहे. रचना आहे म्हणजे तिचे गुणदोषही आहेत, आणि ते बोलून दाखवता येतात.

एच. जे. आर. मरे नावाचे खेळांचे मोठे इतिहासकार होते. त्यांनी १९५२ सालच्या आपल्या ग्रंथात बुद्धिबळ सोडून जगभरचे पटखेळ मांडले आणि त्यांचे पाच वर्ग केले. शर्यतीचे खेळ, म्हणजे आपला सारीपाट. युद्धाचे खेळ. ओळ जुळवण्याचे खेळ. खळग्यांत बिया वाटत जाण्याचे खेळ. आणि पाचवा वर्ग शिकारीचा. या पाचव्या वर्गाची एक खूण लक्षात ठेवा. बाकीच्या खेळांत दोन्ही बाजूंना सारखंच सैन्य मिळतं. तुम्हाला सोळा तर मलाही सोळा. शिकारीच्या खेळात तसं नसतं. एकाकडे मोजकी पण दांडगी सोंगटी, दुसऱ्याकडे पुष्कळ पण गरीब सोंगट्या. दोघांचं बळ वेगळं, चाल वेगळी, आणि जिंकणं म्हणजे काय हेसुद्धा वेगळं.

आपल्याकडे हा खेळ गावोगाव वेगळा आहे. वाघ किती, बकऱ्या किती, पट चौकोनी की त्रिकोणी, यावर एकमत नाही. तामिळनाडूत त्रिकोणी पटावर ३ वाघ आणि १५ शेळ्या घेऊन खेळतात. सगळ्यात नीट नोंद झाली आहे ती नेपाळच्या 'बाघचाल'ची, म्हणून उदाहरणाला तोच पट घेतो. उभे पाच, आडवे पाच असे २५ बिंदू, ते रेषांनी जोडलेले. ४ वाघ चार कोपऱ्यांत. बकऱ्या २०, त्या सुरुवातीला हातात. बकऱ्यांचा खेळाडू एकेक बकरी पटावर ठेवत जातो, वाघाचा खेळाडू मधल्या मधल्या पाळीत वाघ हलवतो. सगळ्या बकऱ्या पटावर आल्याशिवाय एकीलाही हलता येत नाही. वाघाशेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडचा बिंदू सरळ रेषेत रिकामा असेल, तर वाघ उडी मारून तिला खातो. ५ बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

एवढेच नियम. आता यांचे गुण बघू.

पहिला गुण. इथे दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तरी खेळ अन्यायाचा नाही. आपल्या मनात न्याय म्हटलं की वाटा सारखा असं पक्कं बसलेलं असतं. नवा खेळ रचायला सांगितलं की मुलं पहिल्यांदा काय करतात? दोन्हीकडे सारख्या सोंगट्या देतात. बकरीला बिचारीला काहीच येत नाही म्हणून तिलाही एक उडी देतात. झालं! बकरीला उडी दिली की ती लहान वाघ झाली. मग तो शिकारीचा खेळ राहत नाही, युद्धाचा होतो. रचणाऱ्याची खरी कसोटी अशी की दोन वेगळ्या प्रकारची बळं एकमेकांच्या तोलाची करायची, पण एकसारखी करायची नाहीत. हे अवघड काम आहे. समाजातही अवघड आहे, पटावरही.

हा तोल कितपत साधला आहे, याचं उत्तर आता गणितानं मिळालं आहे. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी बाघचालीचा हिशेब संगणकाकडून करून घेतला. निष्कर्ष असा निघाला की दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. ज्यांनी हा खेळ घडवला त्यांच्याजवळ संगणक नव्हता. त्यांच्याजवळ दुपारच्या वेळा होत्या आणि शेजारी होते. खेळून खेळून, भांडून भांडून, बकऱ्या कमी-जास्त करून त्यांनी हा तोल गाठला असणार.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये गाजलेल्या 'लष्करी खेळा'चं देता येईल. ११ बिंदूंचा छोटा पट, तिघे शिपाई एका पळणाऱ्याला कोंडतात. एद्वार लुका या गणितज्ञानं त्याचा अभ्यास केला. खेळ देखणा आहे, पण त्यात शिपाई नीट खेळले तर पळणारा सुटतच नाही. म्हणजे युक्ती कळेपर्यंत गंमत, कळल्यावर ते कोडं. कोडं सोडवून संपतं. खेळ सुटला तरी तो पुन्हा मांडावासा वाटला पाहिजे.

दुसरा गुण पटाच्या आखणीचा. बुद्धिबळात घरं असतात, इथे रेषा असतात. सोंगटी घरात राहत नाही, वाटेवरच्या नाक्यावर उभी राहते. बाघचालीच्या पटावर कोपऱ्यातल्या बिंदूतून ३ वाटा निघतात. मधल्या बिंदूतून ८. पण त्या मधल्या बिंदूला चिकटून वर-खाली, डावी-उजवीकडे जे बिंदू आहेत, त्यांच्यातून मात्र ४ च. नुसत्या नजरेला २५ बिंदू सारखे दिसतात, प्रत्यक्षात प्रत्येक जागेचं बळ निराळं आहे. नवशिका सोंगट्या बघतो, मुरलेला खेळाडू वाटा बघतो.

रोहिणखेडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तुमचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे, दख्खनमधून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नासिरखानाला इथेच हरवलं आणि पुढे बऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा निकालही रोहिणखेडच्याच लढाईत लागला. बुऱ्हाण निजामशहा जिंकला, जमालखान मारला गेला. दोन वेगळ्या शतकांत, वेगळ्या लोकांची गाठ याच जागी का पडावी? कारण डोंगरात वाटा मोजक्या असतात. मोकळ्या मैदानात पाठलाग म्हणजे नुसती धाव. वाटा मोजक्या झाल्या की पाठलागात विचार शिरतो. म्हणून खेळ रचताना सोंगट्यांच्या आधी वाटा ठरवाव्यात, असं माझं म्हणणं आहे.

तिसरा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. या खेळात वाघ मारला जात नाही. बकऱ्यांचा विजय म्हणजे वाघाचा मृत्यू नव्हे, वाघाला जागा न उरणं. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ १३०० किलोमीटरहून जास्त चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, हे तुम्ही सर्वांनी ऐकलं आहे. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून ती वाट कळली. तो शिकार मिळेना म्हणून एवढा हिंडला का? जाणकारांनी सांगितलं ते असं की तो स्वतःचा मुलूख आणि जोडीदारीण शोधत असावा. वाघालाही मोकळा बिंदू लागतो. ज्यानं हा खेळ रचला, त्याला वाघाची ताकद ठाऊक होती तशी वाघाची अडचणही ठाऊक होती.

आता दोष. नुसती स्तुती केली तर ती समीक्षा नव्हे, सत्कार झाला. (हशा)

एक दोष सुरुवातीचा आहे. पहिल्या २० पाळ्या बकऱ्यांना हलता येत नाही, नुसतं बसायचं. नव्या खेळाडूच्या तीन-चार बकऱ्या त्यातच जातात आणि त्याचं मन उडतं. वाघ खेळायला सोपा, बकऱ्या खेळायला कठीण. म्हणून लेकरू वाघ मागतं. ते मागणारच. उडी मारायला कुणाला आवडत नाही?

दुसरा दोष शेवटाचा. दोघंही सावध असतील तर डाव संपतच नाही. वाघ इकडून तिकडे, बकरी तिकडून इकडे. तीच मांडणी पुन्हा पुन्हा आली तर काय करायचं, हा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितलेलाच नसतो. मग जो आधी कंटाळतो तो हरतो. रचनेच्या दृष्टीनं ही उणीव आहे. डाव कधी संपतो हे सांगणं रचणाऱ्याचंच काम. ते खेळणाऱ्यांच्या भांडणावर सोडता येत नाही.

तिसरा मुद्दा मी दोष म्हणू की प्रश्न, ते तुम्ही ठरवा. ५ बकऱ्या गेल्या की वाघ जिंकतो. याचा अर्थ ४ गेल्या तरी चालतात. हा आकडा कुणी ठरवला? समजा तो १ केला. एक बकरी गेली की हार. मग बकऱ्यांचा खेळाडू इतका भेदरेल की पुढे येणारच नाही. समजा १५ केला. मग तो बकऱ्या बेफिकीरपणे पुढे ढकलेल. किती गेल्या याचं त्याला काही वाटणार नाही. आकडा एक, पण त्यानं खेळणाऱ्याचा स्वभाव बदलतो. आपण मोक्षपट खेळतो, परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी सांगते. त्यात नीती घरांवर लिहिलेली असते. अमुक गुणाला शिडी, तमुक दुर्गुणाला साप, आणि पडणारं दान आपल्या हातात नाही. वाघ-बकरीत नीतीचा एक शब्द लिहिलेला नाही. ती त्या पाचच्या आकड्यात आहे. खेळ रचणारा जिथे 'इतकं नुकसान चालेल' असं लिहितो, तिथे त्यानं थांबून दोनदा विचार करावा. धरणं, रस्ते, कारखाने यांचे आराखडे करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

मग नवा खेळ रचणाऱ्यानं करावं काय? अमेरिकेत जन्मलेले बर्नार्ड सूट्स नावाचे तत्त्वज्ञ कॅनडात शिकवत. १९७८ सालच्या पुस्तकात त्यांनी खेळाची व्याख्या केली. तिचं सार असं की गरज नसलेले अडथळे आपण आपखुशीनं पत्करतो, तो खेळ. वाघाच्या खेळाडूला हातानं पाचही बकऱ्या एकदम उचलता येतात. तो उचलत नाही. त्या न उचलण्यात खेळ आहे. म्हणून प्रत्येक नियमाला विचारा: हा अडथळा मी आपखुशीनं पत्करीन का? नाही, असं उत्तर आलं तर तो नियम काढा. एका वेळी एकच नियम बदला. दोन बदललेत तर कशानं काय झालं ते कळणार नाही. आणि प्रत्येक डाव दोनदा खेळा, एकदा वाघ होऊन, एकदा बकऱ्या होऊन. जो खेळ रचणारा फक्त वाघाच्या बाजूनं बसून बघतो, त्याला खेळ अर्धाच दिसतो.

शेवटचं, आणि माझ्या मते तातडीचं. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी १८७१ साली 'क्रीडाकौशल्य' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पटखेळ कसे मांडायचे, कसे खेळायचे, हे त्यांनी लिहून ठेवलं. ज्योतिषावर प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला हे काम हलकं वाटलं नाही. आज आपल्या लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, जुन्या देवळांच्या फरशीवर कोरलेले पट दिसतात. पण दगडावर रेषा राहतात, नियम राहत नाहीत. वाघ किती, बकऱ्या किती, उडी कुठून चालते, हे दगड सांगत नाही. ते माणसं सांगतात, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझ्याच वयाची. तिकडे जीर्णोद्धारात ओट्यांवर चकचकीत टाइल्स बसतात आणि पट खाली गाडला जातो. म्हणजे दोन्ही बाजूंनी पुसणं चाललंय.

*(व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्यानं विचारलं: संगणकानं बरोबरी सांगितली, तर मग खेळण्यात काय उरलं?)*

चांगला प्रश्न. बरोबरी सांगितली म्हणजे एवढंच सांगितलं की पट कुणाच्या बाजूचा नाही. हरलात तर पटाला दोष देता येत नाही. मला तर त्यामुळे खेळायचा हुरूप वाढतो. आणि तुमच्या गावचा पट अजून कुठल्या संगणकात गेलेला नाही. घरी आजोबा-आजी असतील तर आज रात्री त्यांच्यासमोर बसा, त्यांच्याकडून पट आखून घ्या आणि नियम वहीत उतरवा. असे उतरवा की वही वाचून दोन अनोळखी माणसं न भांडता एक डाव पुरा करू शकतील. नवा खेळ रचायची पहिली तालीम हीच.