'चुकणे' आणि शोकात्म नायकाचा अपराध

अॅरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'च्या 13 व्या प्रकरणातील 'हामार्तिया' या संज्ञेच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा प्राथमिक अर्थ नेम हुकणे असा आहे. 'इलियड'मध्ये भाला शत्रूला लागत नाही तेव्हा हेच क्रियापद येते. नव्या करारात मात्र ही संज्ञा 'पाप' या अर्थी स्थिरावली. मराठी समीक्षेत तिच्यासाठी योजला जाणारा 'स्वभावदोष' हा पर्याय या दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. नायकाचे पतन दुष्टपणामुळे नव्हे, तर हामार्तियामुळे होते, ही अॅरिस्टॉटलची भूमिका आहे. दोष माणसात वसतो. नेम हुकतो तो माणूस आणि लक्ष्य यांच्यामधल्या अंतरात. 'स्वभावदोष' म्हटले की हे अंतरच नाहीसे होते आणि शोकात्मिकेचे वाचन म्हणजे नायकावरील आरोपपत्र ठरते.

मराठीतील 'चुकणे' हे अंतर राखते. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' या धातूच्या आदेशांमध्ये 'चुक्क' येतो. म्हणजे स्थानापासून ढळणे हा त्याचा मूलार्थ. नेम चुकतो, वाट चुकते, काळजाचा ठोका चुकतो. यांपैकी कशातही पाप नाही. 'मी चुकलो' यात कर्ता पुढे येतो, 'माझे चुकले' यात कृती त्याच्यापासून किंचित सुटी होते. 'मरण कोणाला चुकले आहे?' यात तर माणूस चतुर्थीत जातो आणि क्रियापदाचा अर्थ 'टळणे' असा होतो.

सोफोक्लीसच्या इडिपसची कथा या क्रियापदाच्या रूपांतच सांगता येते. भविष्यवाणी चुकवण्यासाठी तो कॉरिंथ सोडतो. तीन वाटांच्या संगमावर भेटलेल्या माणसाला ओळखण्यात चुकतो. आणि म्हणून भविष्यवाणी त्याला चुकत नाही. प्रयत्न, प्रमाद आणि अटळता यांची ही एकत्र गुंफण 'स्वभावदोष' या संज्ञेत सापडत नाही.

याच रूपाला आणखी एक अर्थ आहे: हिशेब चुकता करणे. हिंदीत हुकण्यासाठी 'चूकना' आणि फिटण्यासाठी, संपण्यासाठी 'चुकना' अशी दोन क्रियापदे आहेत. उत्तरेस मध्य प्रदेशाच्या बालाघाटला भिडलेल्या भंडारा जिल्ह्यात झाडीबोलीच्या शेजारी हिंदीही कानांवर पडते. तेथील श्रोत्याला हा भेद ठाऊक असू शकतो. मराठीत मात्र 'चुकणे'मधील उकार ऱ्हस्वच असल्याने हुकणे आणि फेडणे एकाच ध्वनीत ऐकू येतात. दोहोंची व्युत्पत्ती एकच मानण्याचे कारण नाही. काव्यार्थाला ध्वनिसाम्य पुरते. स्वतःचे डोळे फोडून घेणारा इडिपस चुकतो आणि चुकतेही करतो.

'चूक' हे नाम शोकात्मिकेला हलके पडते, हा आक्षेप रास्त आहे. शाळेच्या वहीतल्या लाल रेघेची आठवण त्याला चिकटलेली आहे. म्हणून भर नामावर नव्हे, क्रियापदावर हवा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील (1970) गणपतराव बेलवलकर आपली मालमत्ता मुलांमध्ये वाटून टाकतात. त्यामागील वात्सल्याला दोष म्हणणे म्हणजे त्यांच्या यातनांचे उत्तरदायित्व त्यांच्याच स्वभावावर टाकून मोकळे होणे. वात्सल्याचे लक्ष्य खरे होते, नेम चुकला. प्रेक्षकाची करुणा या दोहोंमधील अंतरातच जागी होते, आणि समीक्षेची संज्ञा ते अंतर बुजवणारी नसावी.